परगावी जेवायचं कुठं

आमच्या आप्पांनी उभं आयुष्य ट्रक चालवला. निपाणीच्या वखारीतून तंबाखू भरायची आणि हैदराबाद, बेंगळूर, चेन्नई, कधीमधी इंदूरपर्यंत नेऊन पोचवायची. परत आले की आंघोळ करून ओट्यावर बसायचे आणि आम्हाला त्या गावांच्या गोष्टी सांगायचे. त्यात चारमिनार नसायचा, समुद्र नसायचा. जेवण असायचं. कुठल्या अड्ड्याच्या मागं सकाळी खिचडी मिळते, कुठली बाई केळीच्या पानावर पहिल्यांदा मीठ वाढते, कुठल्या धाब्यावरची डाळ रात्रभर निखाऱ्यावर असते. सांगता सांगता त्यांचा हात हवेतच घास कालवायचा.

आई तेवढ्यात आतून म्हणायची, "झालं काय जेवून? झालं असंल तर भाकरी वाढतो."

आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. पुढं पुण्यात माझ्या तोंडून ते निसटलं की लोक हसायचे, तेव्हा कुठं मला कळलं की ते वेगळं आहे.

आप्पा जेवढे बाहेर जेवत, तेवढीच आई बाहेर न जेवणारी. लग्नाला, बारशाला, नातेवाइकांकडं ती जेवायची. आप्पांनी आणलेला धारवाडचा पेढा खायची, हैदराबादची बिस्किटं चहात बुडवून खायची. पण हॉटेलात पाय ठेवायची नाही. कोल्हापूरला जायचं असलं तरी फडक्यात भाकरी बांधून घ्यायची आणि स्टँडच्या बाकावर बसून खायची. आम्ही भावंडं हट्ट करायचो तेव्हा आप्पा आम्हाला आत नेऊन मिसळ चारायचे. आई बाहेर पिशव्या सांभाळत बसायची. तिला बाहेरचं सोसत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो. विचारायचं कधी सुचलं नाही.

शिकून मी बेळगावात एका कारखान्यात लागले. गाड्यांना लागणारे ॲल्युमिनियमचे भाग आम्ही ओततो आणि त्यांच्या तपासणीचं काम माझ्याकडं आहे. माल घेणाऱ्या कंपन्या पुण्यात, चेन्नईत, हैदराबादेत. त्यांच्याकडं काही खुट्ट वाजलं की मला जावं लागतं. पहिल्यांदा पुण्याला गेले तेव्हा लॉजच्या खोलीत दार लावून आईनं दिलेली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. एकटी बाई हॉटेलात जाऊन बसणार, वेटर विचारणार "किती जण?", आणि आपण म्हणणार "एकच". ते एकच म्हणायला जीभ रेटेना.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला.

"जेवलीस काय?"

"जेवले. भाकरी होती."

"पुण्याला जाऊन भाकरी खाल्लीस?" आप्पांना खरोखर वाईट वाटलं होतं. "आक्का, आसं करू नगंस. गावाला गेलं की त्या गावचं खायाचं. न्हाईतर त्या गावाला गेल्यासारखं हुतंय काय?"

मग त्यांनी मला फोनवरच धडे दिले. हॉटेलच्या पाटीकडं बघायचं नाही, हात धुवायच्या जागेकडं बघायचं. मालक गल्ल्यावर बसून आपल्याच भटारखान्यातलं खात असेल तर डोळे झाकून बसायचं. आणि "एकच" हे मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे पुढचा पुन्हा विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्यानं "एकच" म्हणाले आणि थाळी खाल्ली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कुठून आलात विचारलं. बेळगाव म्हटल्यावर म्हणाल्या, "अय्या, कर्नाटकातल्या असून मराठी किती छान बोलता हो!" मी हसले आणि ताक मागवलं. अशा वेळी आमच्या भागातली माणसं काय बोलणार? बेंगळूरला गेलं की मराठीवाले, पुण्याला आलं की कानडी.

तेव्हापासून कुठल्याही शहरात उतरले की आधी आप्पांना फोन. आता मोबाईलवर सगळं दिसतं, चांदण्या मोजून हॉटेल निवडता येतं. पण माझी सवय गेली नाही. आप्पांच्या डोक्यातलं शहर मात्र वीस-पंचवीस वर्षांमागचं. हैदराबादेत त्यांनी सांगितलेल्या ट्रक अड्ड्यावर गेले, तर तिथं अकरा-बारा मजल्यांच्या इमारती. एका म्हाताऱ्या पंक्चरवाल्याला विचारलं. त्यानं पान थुंकून बरंच आठवलं आणि मागची गल्ली दाखवली. तिथं एक छोटं हॉटेल खरंच होतं. सकाळची वेळ, पिवळी खिचडी, खिमा आणि चिंच-तिळाचं आंबट पाणी. मी व्हिडिओ कॉल लावला.

"भट्टी दाखीव," आप्पा म्हणाले. मी दाखवली. "बाकडी दाखीव." दाखवली. "मालक कोण हाय?" मालकांनी कौतुकानं कॅमेऱ्यात हात हलवला.

आप्पांनी बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "हे ते न्हवं."

"मग काय करू?"

"काय करू म्हंजे? खा की! गरम हाय न्हवं?"

मी खाल्लं. फार चांगलं होतं. आप्पांना तसं सांगितलं, तर म्हणाले की त्यांच्या वेळचं ह्याच्याहून बरं होतं. मागं एकदा घरी जेवताना मी त्यांना विचारलं होतं, इतकं फिरून कंटाळा नाही आला कधी? तेव्हा ते म्हणाले, "लांब गेलं की बरं वाटायचं गं. रस्त्यावर डायवरला जात नसती, भूक असती. कुटंबी बसा, काय बी मागा." आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतलेली. जातीच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या, पण माझ्या वाट्याला त्या फार उघडपणे आल्या नव्हत्या, म्हणून ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं.

मग आईच्या डोळ्याचं निघालं. मोतीबिंदू बेळगावातच काढला होता, पण वर्षभरात एका डोळ्यापुढं काळा पडदा सरकल्यासारखं तिला दिसायला लागलं. डॉक्टरांनी बेंगळूरला न्यायला सांगितलं. मी रजा टाकली. आप्पांच्या गुडघ्यांमुळं ते घरीच राहिले. आईनं ज्वारीच्या कडक भाकरींची चळत, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, लिंबाचं लोणचं असं सगळं घेतलं. ती पिशवी तिच्या कपड्यांच्या पिशवीपेक्षा मोठी होती.

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर जाळीची वाटी, त्यावर हिरवा चष्मा. आपण दोन दिवसांनी निघू असं मी धरलं होतं, पण डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला दाब वाढलाय, अजून आठवडाभर इथंच राहा, रोज दाखवा. भाकरी संपत आल्या. लॉजवाला खोलीत चूल-शेगडी चालू देईना. मी बाहेरून डबे आणायला लागले. प्लॅस्टिकच्या डब्यात येता येता इडलीला घाम फुटायचा, डोसा फडक्यासारखा व्हायचा. आई दोन घास खायची आणि डबा सरकवायची. गोळ्या मात्र सहा तऱ्हेच्या. एक दिवस जिन्यातच तिला भोवंड आली.

डॉक्टरांनी विचारलं, "जेवतात का नीट?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "जेवतो की, लई जेवतो."

त्या दिवशी मी तिला म्हटलं, "आई, इथं दोन पावलांवर एक चांगलं हॉटेल आहे. गरम गरम मिळेल. चल ना माझ्यासंगट."

ती नाहीच म्हणाली असती. पण चार दिवस त्या खोलीत एका डोळ्यानं भिंत बघून तीही कंटाळली होती. पदर सारखा करून निघाली.

ते हॉटेल नावाजलेलं. दारात ही गर्दी. आम्ही पायऱ्या चढून आत पाऊल टाकतोय तोवर गर्दी आवरणारा माणूस आमच्याकडं बघून हात हलवत ओरडला, "होरगडे निल्ली! होरगडे!"

बाहेर थांबा, बाहेर. तो सगळ्यांनाच तसं ओरडत होता. आमच्या पुढचे इस्त्रीच्या शर्टातले दोघं निमूट बाहेर सरकले. मीही सरकले आणि नाव सांगायला वळले, तर आई शेजारी नव्हती. ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली होती, भिंतीला हात लावत, लॉजच्या दिशेनं. मी धावत जाऊन तिला धरलं.

"आई, अगं, जागा नव्हती म्हणून म्हणाला तो. सगळ्यांनाच."

"कळतंय मला," आई म्हणाली. "कानडी येतंय मला."

लॉजच्या पायरीवर ती बसली. मी पाणी आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर तिनं मला पहिल्यांदा सांगितलं. तिचं माहेर निपाणीजवळच्या एका खेड्यात. ती लहान असताना तिच्या वडलांबरोबर बाजाराला गेली होती. बाजारात एक चहाचं हॉटेल होतं. आमच्या लोकांच्या कपबशा बाहेर, वळचणीच्या कोनाड्यात. आपणच घ्यायची, धुवायची, पुढं धरायची. वरनं चहा ओतणार. पिऊन झालं की पुन्हा धुऊन कोनाड्यात ठेवायची. आत भजी तळत होते. वासानं तिला राहवलं नाही आणि तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला.

"कोणतरी म्हटलं, ए पोरी, भाईर थांब. मारलं न्हाई, शिव्या दिल्या न्हाईत. नुस्तं भाईर थांब. माझ्या बानं हातातला चहा तसाच ओतून दिला, कप धुऊन ठेवला आणि माझा हात धरून चालाय लागला. घरापत्तोर एक शबूद बोलला न्हाई. मग मी म्हटलं, आपल्या भाकरीला काय धाड भरल्या? कशाला जायाचं?"

"आप्पांना माहीत आहे?"

"त्यास्नी सांगितलंया. म्हणून तर बळं करत न्हाईत कधी."

मी तिच्याजवळ बसून राहिले. मग तीच म्हणाली, "चल वर. बिस्किटं हाईत न्हवं?"

दुसऱ्या दिवशी आईच्या डोळ्यात औषध घालणाऱ्या नर्सशी बोलता बोलता कळलं, ती चिकोडीची. आमच्या शेजारचीच म्हणायची. तिला मराठी येत होतं. ज्वारीची भाकरी कुठं मिळेल विचारलं, तर तिनं हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावरची एक खानावळ सांगितली. विजापूरकडच्या एक बाई चालवतात, ती स्वतः तिथंच जेवते म्हणाली.

आईची तपासणी चालू होती, तेवढ्यात मी जाऊन बघून आले. चार-पाच टेबलं. आत दोन बायका भाकऱ्या थापत होत्या, थप-थप आवाज रस्त्यावर येत होता. हात धुवायची जागा मी बघितली, स्वच्छ होती. मालकीणबाई पन्नाशीच्या, कपाळाला आडवी विभूती, बोलणं एकदम मोकळं. मी विचारलं, गर्दी कधी नसते? आईचं ऑपरेशन झालंय, तिला धक्काबुक्की नको. एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, बाराच्या आत आणा, नंतर ऑफिसची माणसं येतात.

आईला तयार करायला अख्खी सकाळ गेली. शेवटी ती चिडून म्हणाली, "चल बाई, येतो. न्हाईतर तू बी उपाशी मरशील."

खानावळीच्या दारात ती थांबली. उंबऱ्याच्या अलीकडं. खाली बघत म्हणाली, "चपला कुठं काढू?"

मी उत्तर द्यायच्या आत मालकीणबाईंनी तिचा हिरवा चष्मा बघितला आणि पुढं होऊन तिचा दंडच धरला. "चप्पल इरली अव्वा, ओळग बर्री." चप्पल असू दे आई, आत या.

आई आत गेली. दाराजवळच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, भिंतीला टेकून बसली. मालकीणबाईंनी गाव विचारलं. आईनं कानडीत निपाणी सांगितलं, तशा त्या आतल्या बायकांना ओरडून म्हणाल्या, "नम्म कडेयवरु!" आपल्याकडच्याच आहेत. निपाणी आणि विजापूर, मध्ये केवढं अंतर! पण बेंगळूरातून बघितलं तर शेजारीच.

ताट येईपर्यंत आई एका डोळ्यानं सगळीकडं बघत होती. ती काय बघतेय ते मला उशिरा उमगलं. ती दुसऱ्यांची ताटं बघत होती, पाण्याचे पेले बघत होती. सगळे एकाच तऱ्हेचे स्टीलचे. आमच्यापुढं आले तेही तसलेच. एका पेल्याला पोचा होता, तो माझ्या वाट्याला आला.

भाकरी पातळ, तव्यावरून थेट ताटात. भरली वांगी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि त्यावर घट्ट दही. आईनं भाकरी मोडली. वाफ आली. पहिला घास तिनं फार सावकाश खाल्ला. मी माझ्या ताटात बघत राहिले.

"पातळ लई केल्यात," ती म्हणाली. "पण भाजल्यात बऱ्या." आणि दुसरी भाकरी मागितली.

जेवण झालं. मी पैसे द्यायला उठले आणि वळून बघते तो आई हातात ताट आणि पेला घेऊन उभी. मालकीणबाईंना विचारत होती, धुवायचं कुठं?

"अय्यो, बिडरी अव्वा!" राहू द्या आई. त्यांनी हसत ताट तिच्या हातातून काढून घेतलं आणि दुसऱ्या ताटांच्या ढिगावर ठेवून दिलं. त्यांच्या दृष्टीनं त्यात काहीच नव्हतं. त्या लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडं गेल्या. आई रिकाम्या हातानं जरा वेळ तशीच उभी राहिली. मग हात धुवायला गेली आणि तिथं तिला बराच वेळ लागला. डोळ्याला पाणी लावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तिकडं गेले नाही.

त्या खोलीवर मग आम्ही नुसतं झोपायला जायचो. दुसऱ्या दिवशी आई आपणहून साडेअकरालाच तयार झाली. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातलं टेबल सोडून पंख्याखालच्या मधल्या टेबलावर जाऊन बसली. मालकीणबाई आणि ती जवसाच्या चटणीत लसूण घालायचा की नाही यावर भांडल्या. आई घालायचा या बाजूची. पुढच्या दिवशी लसूण घातलेली चटणी ताटात आली. आईनं चाखली आणि "आता कसं" अशी मान हलवली.

डोळ्याचा दाब उतरला. शेवटच्या तपासणीला आप्पा गुडघे चोळत रेल्वेनं आले. त्यांना वाटलं होतं, मी आईला डबे आणून चारतेय. दुपारी आई म्हणाली, "चला, जेवायला जाऊ."

"कुठं?"

"हाटेलात."

आप्पा माझ्याकडं बघायला लागले. मी खांदे उडवले. आई पुढं, मागं लंगडत आप्पा, त्यांच्यामागं मी. खानावळीत शिरल्यावर आई सरळ मधल्या टेबलावर बसली आणि समोरची खुर्ची आप्पांना दाखवली. काय घ्यायचं ते तिनंच सांगितलं. आप्पांना वांगी नको होती, पण त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. शहराशहरांत हुकूम सोडून जेवलेला माणूस त्या दिवशी वाढलं ते मुकाट खात होता.

मधेच ते थांबले. "इतकी वर्सं एकलाच जेवलो गं भाईर," ते आईला म्हणाले. "कुठं बी चांगलं लागलं की वाटायचं, हिला आणाय पायजे हुतं."

"आणलंसा की आता," आई म्हणाली. "मीच आणलं तुम्हास्नी, पर आलोय न्हवं दोघं? खावा. गार हुतंय."

आता आईचा डोळा बरा आहे. बारीक अक्षर दिसत नाही, पण माणसं ओळखू येतात. माझा दौरा सुट्टीला धरून असला की ती पिशवी भरून तयार असते, आणि पिशवीत भाकरी नसतात. मागच्या खेपेला पुण्याला आली होती. हॉटेलच्या कार्डावर 'व्हेज कोल्हापुरी' वाचून दाखवल्यावर तिनं तेच मागवलं. आलं ते लालभडक आणि गोड. आईनं एक घास घेतला आणि वेटरला बोलावलं.

"हे कोल्हापुरी कुणी केलंया?"

वेटर अदबीनं म्हणाला, "आजी, गिऱ्हाइकांना असंच आवडतं."

"आवडू दे की. मग त्याला दुसरं कायतरी नाव ठेवा."

वेटर हसला. आई मात्र हसली नाही. तिनं तीळ आणि सुकं खोबरं भाजायची रीत त्याला सुरुवातीपासून सांगितली, त्यानंही ती उभ्यानं ऐकून घेतली. मग त्या भाजीवर कांदा आणि लिंबू मागवून, अन्न टाकायचं नसतं म्हणत, तिनं अख्खी वाटी पुसून खाल्ली.